बोटीतल्या बॅटऱ्या बदलल्या: सारसोळे जेट्टी, नेरुळ (नोव्हेंबर-डिसेंबर २०२५)

९ नोव्हेंबर, रविवार. कार्तिक वद्य पंचमी

पावसाळ्यानंतर आज पहिल्यांदा बोटीवर गेलो. पंचमी, म्हणजे तिथीची (पाचाची) पाऊणपट केली की पावणेचारची भरती. भरतीच्या ॲपमधली वेळ वीसेक मिनिटं इकडेतिकडे होती. तरी मी अजून आधी पाऊणपट करतो, मग ॲप बघतो.

सव्वीस फुटी फायबरची शिडाची बोट. खाली दोन कील (तळाखालची उभी पाती), त्यामुळे सुकतीला चिखलात दोन पायांवर उभी राहते. खाडीच्या या बाजूला दुसऱ्या कुठल्या प्रकारची बोट ठेवण्यात अर्थ नाही. मी आणि मेव्हणा, निम्मे निम्मे मालक. ७ जूनला डोलकाठीवरून शीड उतरवलं, सोलर पॅनल काढून घरी नेलं, वर निळी ताडपत्री बांधली आणि कोळीवाड्यातल्या काकांच्या भरवशावर सोडलं.

ताडपत्री काढली. इंजिनाची स्टार्टर बॅटरी वेगळी आहे. तिने दुसऱ्या फटक्यात इंजिन चालू केलं. घरच्या बॅटऱ्यांचा, म्हणजे दिवे, व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ), पंखा, बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) यांच्या दोन बॅटऱ्यांचा स्विच फिरवला तर काहीच नाही. मीटर लावला: ९.६ व्होल्ट. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी अर्धी रिकामी झाली तरी १२.१ ला असते. ९.६ म्हणजे कधीच गेलेली.

दोन्ही उचलून घरी न्यायच्या ठरवल्या. शंभर एएचची (अँपिअर-तासांची) पाण्याची बॅटरी, एकेक तीस किलोच्या आसपास. केबिनच्या अरुंद दारातून वर, मग छोट्या होडीत, मग जेट्टीच्या शेवाळलेल्या पायऱ्या. मेव्हण्याची कंबर गेल्या वर्षीपासून सुटीवर आहे, म्हणून ओझं मी आणि काका. काका म्हणाले, "तुमची होडी झोपेत घोरते, माहीत हाय का? सुकतीला आवाज येतो आतून." मी म्हटलं, बेडूक असतील. ते हसले. "खाऱ्या पाण्यात बेडूक?" आणि मग, "पानी चाललंय, आटपा."

१० नोव्हेंबर

कालची पँट धुऊन वाळत घातली तर उजव्या मांडीवर चाळणी. ॲसिड उडालेलं कालच कळलं होतं, पण सुती कपडा भोक धुतल्यावरच दाखवतो. गॅलरीतल्या लाद्यांवर खायचा सोडा टाकला. जिथे जिथे फसफसला तिथे पुन्हा पुसलं. घरातून एकच वाक्य आलं: "नवीन आणाल ती तरी कोरडी आणा."

१२ नोव्हेंबर

दोन रात्री चार्जरवर ठेवून आज पुन्हा बुचं उघडली. एका बॅटरीत पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं, डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा चार्ज केली होती. हायड्रोमीटरने ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) घेतली. पहिलीची पाच घरं (सेल) बाराशेच्या आसपास, सहावं अकराशे दहा. दुसरीची सगळी घरं अकराशे नव्वद, एकसारखी पण दुबळी. पूर्ण चार्ज झाल्यावर साडेबाराशेच्या वर यायला हवं.

ग्रॅव्हिटीवरून मन मानेना, म्हणून बल्ब लावला. गाडीचा जुना ५५ वॉटचा हेडलाइट, साडेचार अँपिअर खातो. शेजारी घड्याळ, दहा-दहा मिनिटांनी व्होल्ट लिहायचे, १०.५ ला थांबायचं. पहिली एक तास चाळीस मिनिटांत संपली, साडेसात एएच. दुसरी पाच तास वीस मिनिटं तगली, चोवीस. दोनशे एएचच्या जोडीतून साडेएकतीस. हा असला वेळखाऊ प्रयोग केल्याशिवाय बॅटरी मेली असं कुणी म्हणू नये. आणि एकदा केला की कुणाशी वादही घालू नये.

कारण उघड आहे: रिकाम्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिल्या, प्लेटांवर सल्फेट धरलं आणि ते घट्ट झालं. प्रश्न एवढाच उरतो की पॅनल काढण्याआधी मी त्या पूर्ण चार्ज केल्या होत्या, स्विच बंद होता. मग रिकाम्या कशा झाल्या? पाच महिन्यांत शिशाची बॅटरी आपोआप थोडी उतरते, पण ९.६ पर्यंत नाही. ताडपत्रीखालचा उकाडा, जुनं वय, असं काहीतरी लिहून आज मिटवतो.

१४ नोव्हेंबर

शिसं की लिथियम. मेव्हणा दोन वर्षं लिथियम म्हणतोय, मी दोन वर्षं शिसं. आज जेवणानंतर कागदावर उतरवलं.

बोटीवर एका दिवसाचा खर्च: व्हीएचएफ ऐकत ठेवायला चार एएच, प्लॉटर (नकाशाचा पडदा) आठ, पंखा सहा, फोन चार्जिंग सहा, केबिनचे एलईडी तीन, रात्रभर नांगरावरचा दिवा दोन. बेरीज एकोणतीस, तीस धरू. शिशाची शंभरची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेली की आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे दोन बॅटऱ्यांचे साठ किलो वाहून हाताशी शंभर एएच. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या एकाच शंभरच्या बॅटरीतून ऐंशी निर्धास्त वापरता येतात, वजन बारा किलो. अडीच दिवस. आम्ही दोघं सलग अडीच दिवस बोटीवर कधी राहिलोय?

किमतीत लिथियम दुपटीच्या वर जाते आणि चार्जिंगचा बाकीचा सरंजाम वेगळा. तरीही माझं मत दोन गोष्टींनी फिरलं. एक म्हणजे जेट्टीच्या त्या पायऱ्या. दुसरी जास्त महत्त्वाची: आमची बोट तीन-तीन आठवडे एकटी, अर्धवट चार्जवर उभी असते. शिशाला हेच मानवत नाही, त्याला सदैव भरलेलं राहायचं असतं. लोह-फॉस्फेटला उलट अर्ध्या पोटी राहणं आवडतं.

या रसायनाचा शोधनिबंध १९९७ चा, टेक्सस विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्या निबंधावर त्यांच्या आधी पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन नावं आहेत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आता स्वदेशी म्हणून घेणार का?"

माहितीपत्रकात एक अट आहे: तापमान शून्याच्या खाली असताना चार्ज करू नये. नेरुळमध्ये. दुसरी अट कामाची: पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये. जुन्या बॅटऱ्या इंजिनाच्या पेटीला चिकटून होत्या. नवी पुढच्या बाकाखाली जाईल.

१६ नोव्हेंबर, रविवार. द्वादशी

नवाची भरती. बोटीवर फक्त मापं घेणं आणि तोडफोड. जुना "एक-दोन-दोन्ही" असा फिरता स्विच काढला. स्टार्टरची शिशाची बॅटरी आणि घरची लिथियम एकमेकींना थेट जोडायच्या नाहीत. लिथियम अल्टरनेटरकडून (इंजिनावरच्या जनित्राकडून) मागेल तेवढा करंट ओढते, त्यात अल्टरनेटर तापून जळतो. आणि चार्जिंग चालू असताना बॅटरीतल्या बीएमएसने (तिची राखण करणाऱ्या सर्किटने) अचानक दार लावून घेतलं, तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. मधे वीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला की दोन्ही भानगडी मिटतात. इंजिनाला कळतच नाही की पलीकडे लिथियम आहे.

जुन्या केबलचं आवरण ब्लेडने चिरलं. टोकाला हिरवट पावडर अपेक्षित होती. पण आत एक वीतभर तांबं काळं पडलेलं निघालं, कोळशाने घासल्यासारखं. खारा ओलावा तारांच्या मधून, वातीत तेल चढावं तसा, वर चढत जातो. सगळी केबल नवी.

१८ नोव्हेंबर

रजा टाकून लोहार चाळ, मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार. नेरुळहून सरळ सीएसएमटी, पुढे पायी. सोळा स्क्वेअर एमएमची लवचीक केबल, लाल आणि काळी, चार-चार मीटर. दुकानदार म्हणाला, वीस अँपिअरला सहाची पुरते. तारेला पुरते हो, व्होल्टला पुरत नाही. जाऊन-येऊन सात मीटरला सहाची केबल वीस अँपिअरवर ०.४ व्होल्ट खाते, सोळाची ०.१५. चार्जिंगचा सगळा खेळ १३.८ ते १४.४ मधला. त्यात ०.४ वाटेत सांडून चालणार नाही.

कथील चढवलेले लग (केबलच्या टोकाला दाबायच्या कड्या), आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, शंभर अँपिअरचा फ्यूज आणि त्याचं घर. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. तेवढी वीत बिनफ्यूजची राहते, त्याहून जास्त नको. लिथियमचा शॉर्ट सर्किट करंट शिशापेक्षा भयंकर असतो.

लग दाबायचं हायड्रॉलिक यंत्र विकत घेण्याएवढं काम नाही. दुकानातल्या पोराने तिथेच फूटपाथवर बसून आठ लग दाबून दिले. एक मी ओढून पाहिला, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बाकीचे सात ओढायची हिंमत झाली नाही. घरी येऊन ओढले. सगळे पक्के.

२० नोव्हेंबर

बॅटरी आली. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. खोक्यावर "लिथियम" वाचून त्यांचा चेहरा उतरला. २०२२ मधल्या ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्या त्यांना पाठ आहेत. लोह-फॉस्फेट त्यामानाने थंड डोक्याचं, सहजी पेट घेत नाही, हे मी चार मजल्यांत जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. शेवटी त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या: ती इथे कायमची राहणार नाही ना, आणि गॅलरीतल्या त्या ॲसिडवाल्या कधी जाणार. जुन्या दोन्ही आजच बॅटरीवाल्याकडे दिल्या, नव्या स्टार्टर बॅटरीच्या बदल्यात वजनावर पैसे वळते करून घेतले. शिशाची बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालू नये. परत घेऊन तिची विल्हेवाट लावणं, हे २०२२ च्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्यांवरच बंधनकारक आहे.

नव्या बॅटरीला मीटर लावला: १३.१. आनंद झाला आणि लगेच ओसरला. शिशात १३.१ म्हणजे तुडुंब. हिच्यात चाळीस टक्केही असू शकतात, सत्तरही. लोह-फॉस्फेटचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. तीस वर्षं मी व्होल्ट बघून बॅटरीचं पोट ओळखत आलो. ती विद्या इथे बाद. दहा अँपिअरच्या चार्जरने भरायला साडेसहा तास लागले, म्हणजे आली तेव्हा पस्तीस टक्के होती.

म्हणून शंट घेतला आहे. निगेटिव्हच्या वाटेत बसवायची पितळी चीप, येणारा-जाणारा प्रत्येक अँपिअर तिच्यातून जातो आणि छोट्या पडद्यावर जमा-खर्च दिसतो. बँकेचं पासबुकच. अट एकच, सगळे व्यवहार त्याच खिडकीतून व्हायला हवेत.

२३ नोव्हेंबर, रविवार. मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

सव्वादोनची भरती. बारा किलोची बॅटरी एका हातात धरून पायऱ्या उतरलो, मुद्दाम मेव्हण्यासमोर.

बाकाखाली फळी, त्यावर बॅटरी, दोन पट्टे. फ्यूज, शंट, डीसी-डीसी चार्जर. जोडताना पहिल्या स्पर्शाला ठिणगी उडाली ती चार्जरमधल्या कपॅसिटरची, माहीत असूनही हात मागे आला. बिल्ज पंप जुन्या शिरस्त्याप्रमाणे थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडला, मधे त्याचा छोटा फ्यूज. मुख्य स्विच बंद असला तरी पंप जिवंत राहिलाच पाहिजे.

सोलर पॅनल मात्र नाही बसवलं. जुना कंट्रोलर फक्त शिशाचा आहे, त्याची सेटिंग बदलता येत नाहीत. नवा पुढच्या आठवड्यात.

इंजिन चालवून १४.२ पर्यंत नेलं, करंट तीन अँपिअरच्या खाली आला, शंटवर "१००%" धरून शून्य केलं. निघताना आकडा: उणे ०.०. सगळं बंद करून घरी.

३० नोव्हेंबर, रविवार. दशमी

साडेसातची भरती, साडेसहालाच बोटीवर. शंट म्हणतो आठवड्यात ०.४ एएच गेले, पडद्याच्या स्वतःच्या खर्चाएवढे. झकास. नुसतं खात्रीसाठी इंजिन चालू केलं, वाटलं दोन मिनिटांत १४.२ ला जाऊन थांबेल.

थांबेना. अठरा अँपिअर जातायत आणि जातायत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. शंट शंभर टक्क्यांना टेकून स्वस्थ, बॅटरी मात्र उपाशी माणसासारखी जेवतेय. पन्नास मिनिटांनी करंट उतरला. पंधरा एएच! पासबुकात नोंद नसलेले पंधरा एएच खात्यातून कुणीतरी काढले होते.

खिडकी सोडून बाहेरून व्यवहार कोण करतो? पंधरा मिनिटं वायरिंगकडे बघत बसल्यावर उजेड पडला. पंपाचा निगेटिव्ह मी थेट बॅटरीच्या टोकाला लावला होता, शंटच्या अलीकडे. पॉझिटिव्ह थेट हवा, निगेटिव्ह शंटच्या पलीकडूनच यायला हवा. माझीच चूक, आणि तीस वर्षांच्या सवयीची.

पण मग पंपाने आठवड्यात पंधरा एएच का खावेत? बिल्जमध्ये पाणी तर वाटीभर. पंपावर क्लॅम्प मीटर लावला, फ्लोट (पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा स्विच) हाताने उचलला: नुसती हवा ओढताना १.२ अँपिअर. म्हणजे आठवड्यात साडेबारा तास.

आणि मला काका आठवले. होडी झोपेत घोरते.

मेव्हण्याला घरी जायला सांगितलं आणि मी राहिलो. डब्यात पोळी आणि वांग्याची भाजी होती, पाण्याची बाटली होती. दहाच्या सुमारास कील चिखलाला लागल्या, बोट हलायची थांबली. खाडीचं पाणी मागे सरकत गेलं, तिवरांची मुळं उघडी पडली, चिखलातून फुटणाऱ्या बुडबुड्यांचा चटचट आवाज सुरू झाला. लांबवर चिखलाच्या कडेला फ्लेमिंगो, अजून मोजकेच. हळूहळू डावी कील जास्त रुतायला लागली. बाकावर ठेवलेला पेन आधी थरथरला, मग घरंगळला.

बारा पन्नासला बिल्जमधून आवाज आला. घुर्रर्र.

टॉर्च घेऊन पाहिलं. बोट डावीकडे कललेली, तळातलं ते वाटीभर पाणी सगळं डाव्या कोपऱ्यात गोळा झालेलं, आणि फ्लोट नेमका त्याच कोपऱ्यात बसवलेला. तो तरंगून वर. पंपाचं तोंड मात्र मधे, कोरडं. पंप बिचारा जीव तोडून हवा बाहेर टाकत होता. पाणी परतून बोट जराशी सरळ झाली तेव्हा, दोन पस्तीसला, गप्प झाला. पावणेदोन तास.

दिवसाच्या दोन सुकत्या सारख्या नसतात, एक खोल जाते. एवढी कलंड दिवसातून एकदाच येत असेल असं धरलं तर १.२ गुणिले पावणेदोन, गुणिले सात: १४.७.

मग मागचा हिशोबही केला. ७ जून ते ९ नोव्हेंबर, एकशे पंचावन्न दिवस, दिवसाला २.१. सव्वातीनशे एएच, आणि बॅटऱ्या दोनशेच्या. पॅनल असताना रोजच्या उन्हात ही चोरी भरून निघत होती, म्हणून आठ महिने कळलंच नाही. १२ तारखेला "उकाडा, जुनं वय" असं लिहिलंय ते खोडत नाही, तसंच राहू दे.

पाच वाजून गेल्यावर बोट तरंगली. काका छोटी होडी घेऊन आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "घोरली का?"

३ डिसेंबर

नवा फ्लोट स्विच घेतला, आणि त्यासाठी छोटा काउंटर, पंप किती वेळा लागला ते मोजणारा. सोलर कंट्रोलर आला: १४.२ ला थांबतो, मग १३.५ वर धरून ठेवतो.

६-७ डिसेंबर. द्वितीया, तृतीया

शनिवारी दीडच्या भरतीला निघण्याआधी तासभर काम. फ्लोट पंपाला खेटून, मधल्या रेषेवर. निगेटिव्ह शंटच्या पलीकडे. पॅनल जागेवर.

मग शीड चढवलं. अटल सेतूखालून जाताना मेव्हणा नेहमीप्रमाणे डोलकाठीच्या टोकाकडे बघत मान आत घेतो, पूल कितीही उंच असला तरी. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या वाटेबाहेर नांगर टाकला. रात्री पंखा, दिवे, व्हीएचएफ, फोन, सगळं हात न आखडता वापरलं. मेव्हण्याने मधेच उठून जुन्या सवयीने व्होल्टमीटरवर टॉर्च मारला. १३.२. संध्याकाळी होता तेवढाच. "हा बंद पडलाय," म्हणाला आणि झोपला.

सकाळी सहाला शंट: उणे २४.१. पॅनलने दुपारपर्यंत त्यातले सतरा परत दिले. सव्वादोनच्या भरतीला जागेवर.

पंपाचा काउंटर शून्यावर ठेवून आलोय. काकांना सांगितलंय, रात्री कान द्या.